एकतीस जोड चपला

४ सप्टेंबर

पोचलो एकदाचे! दोन बॅगा, पाच खोकी, एक कुंडी आणि भुंगा, सगळं धड. मला काळजी होती ती फक्त कुंडीची.

भुंगा म्हणजे माझी लेक. वय तेरा, अक्कल कधी तीनची, कधी तीसची. अभ्यास करताना ओठ मिटून गुणगुणते. गाणंबिणं नाही, नुसता एक सूर, सलग, समोरच्याचं डोकं उठेपर्यंत. नाव तिच्या बाबांनी ठेवलं. त्यांच्यासारखीच डावखुरी, त्यामुळे शेजारी जेवायला बसली की माझ्या कोपराची खैर नाही. नखं खाते, दुधावर साय दिसली की ओकारी काढते, उलट उत्तर जिभेवर तयार ठेवते. आणि बाहेर पडायची वेळ झाली की हिच्या चपला सापडत नाहीत. आज एक चप्पल उशांच्या खोक्यात निघाली. तिथे कशी गेली, हे तिलाही ठाऊक नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. घरमालकांनी एक टेबल आणि दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. भुंगा म्हणाली, पाहुणे आले तर? मी म्हटलं, उभे ठेवू, म्हणजे लवकर जातील.

ही वही डॉक्टरीणबाईंच्या हुकमावरून. भुंगाचे बाबा जाऊन दोन वर्षं झाली, पण मी अजून मागेच बघत बसते, असं त्यांचं म्हणणं. रोज लिहायचं, पान उलटायचं, मागची पानं वर्षभर वाचायची नाहीत. नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. माझ्याकडे आता भुंगा आहे आणि काम आहे. पुष्कळ झालं.

६ सप्टेंबर

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, यांनी शाळा फिरवून दाखवली. त्यांची चाल अशी की मी अक्षरशः मागून पळत होते. मला आठवीचं जीवशास्त्र आहे आणि भुंगाही आठवीतच. आई वर्गावर येणार म्हणून काल संध्याकाळपासून तिचं तोंड फुगलंय. शेवटी तह झाला. शाळेत भुंगा म्हणायचं नाही आणि डबा खाल्लास का असं चारचौघांत विचारायचं नाही.

खरी मजा संगणकाच्या खोलीत आहे. तिथे राज्य मावशींचं. त्या खोली झाडतात, मशीन पुसतात, सकाळी सगळी चालू करतात आणि पायातलं बाहेर काढल्याशिवाय मोठ्या बाईंनासुद्धा आत सोडत नाहीत. दाराबाहेर लाकडी फळ्या आहेत. तास सुरू झाला की मावशी फळ्यांवरचे चपलांचे आणि बुटांचे जोड मोजतात आणि शेजारच्या पाटीवर खडूने आकडा लिहितात. मी म्हटलं, मुलंच का मोजत नाही? तर म्हणाल्या, मुलं हलतात, चपला हलत नाहीत. बोला आता!

माझ्या आधीच्या सरांनी नैसर्गिक निवड शिकवायला स्वतः एक प्रोग्राम लिहून ठेवलाय. सरांनी गेल्या वर्षी मध्येच नोकरी सोडली. का, ते कुणी सांगत नाही. प्रोग्राम मात्र झकास आहे, मी तासभर हलले नाही.

९ सप्टेंबर

पहिला तास. वर्गाने खोली डोक्यावर घेतली, म्हणजे तास चांगला झाला.

खेळ असा. पडद्यावर एक चित्र, त्यावर चाळीस किडे, रंगीबेरंगी. मुलं म्हणजे पक्षी. एका मिनिटात दिसतील तेवढे किडे माउसने टिपायचे. टिपला की गेला, आणि खाली ‘शिल्लक’ असा आकडा असतो तो एकाने उतरतो. मिनिट संपलं की उरलेल्यांना पिल्लं होतात. पिल्लं आईबापांवर जातात, पण किंचित फरकाने. पुन्हा चाळीस, पुन्हा शिकार. आज मी वर्तमानपत्राचं पान चित्र म्हणून लावलं होतं. लाल, पिवळे, निळे पहिल्या दोन मिनिटांतच संपले. बाराव्या पिढीला सगळे राखाडी, अंगावर काळ्या बारीक रेघा, आणि मुलं पडद्याला नाक लावून बसलेली.

एकतीस मुलं, त्यामुळे पंधरा जोड्या आणि एक एकटा. तो एकटा म्हणजे दोरीवाला. चष्म्याची काडी तुटलीय, तिथे पांढरी दोरी गुंडाळलीय, म्हणून मुलांनीच पाडलेलं नाव. सारखा चष्मा सावरतो, अक्षर कोंबडीचे पाय, पण प्रश्न त्याचाच सगळ्यांत चांगला. आपण लपतोय हे किड्यांना कळतं का, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, काही कळत नाही, कुणी काही ठरवत नाही. मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: उरतो तो चांगला म्हणून नाही. उरतो तो नजरेत आला नाही म्हणून.

भुंगा पूर्ण तास गुणगुणत होती. दोघीतिघींनी वळून बघितलं तेव्हा कानापर्यंत लाल झाली. मी ओळखच दाखवली नाही, तह म्हणजे तह.

१५ सप्टेंबर

आज मी एक आगाऊपणा केला आणि त्याचा मला भलताच आनंद झालाय.

प्रोग्राम सुरू करताना दोन बटणं येतात, ‘नवी सुरुवात’ आणि ‘मागची पिढी पुढे’. सर दर वर्षी दुसरंच दाबायचे म्हणे. म्हणजे एका वर्गाने ज्या किड्यांची शिकार केली, त्यांतून वाचलेल्यांची पिल्लं पुढच्या वर्गापुढे, आणि चित्र म्हणून त्या त्या वर्गाचाच फोटो. आज मी तेच दाबलं. पिढी क्रमांक सहा हजार दोनशे बारा! अकरा वर्षं मुलांच्या नजरेखाली वाढलेले किडे. असा ठेवा हाताशी असताना कोण पहिल्यापासून सुरू करील?

मावशी पुसायचं फडकं हातात घेऊन उभ्या होत्या. सरांनी ते जाताना बंद केलं होतं, उघडू नका, असं म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, धूळ तुमची, किडे माझे.

मुलांना बाकांवर बसवून फोटो काढला, तो सगळ्या मशीनवर लावला. मिनिट सुरू. सोळा मशीन, एकतीस मुलं, आणि एकालाही एकसुद्धा किडा दिसला नाही. बिघडलंय, बिघडलंय, असा ओरडा. पण खाली आकडा होता. शिल्लक: ४०. म्हणजे चाळीसही होते, त्याच फोटोत. भिंतीवर, बाकांवर, कुठे कुणास ठाऊक. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाने.

१९ सप्टेंबर

पाचवा दिवस, अजून एकही सापडला नाही. वर्गात पैजा लागल्यात.

बाकी सगळं ठीक. वह्या तपासल्या. शेवटच्या बाकावरच्या जुळ्यांच्या वह्या मजेशीर आहेत, उत्तरं शब्दाला शब्द सारखी, पण दोरीवाल्याचं अक्षर कोंबडीचे पाय आणि त्याच्या भावाचं मोत्यासारखं. भाऊ फार गुणी मुलगा. चष्मासुद्धा कसा धड.

भुंगाला नव्या चपला घेऊ म्हटलं तर नको म्हणाली. जुनीच्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावून चालते.

२३ सप्टेंबर

मावशींनी आज मला दाराशी थांबवलं. पाटी दाखवली. रोजच्यासारखा आकडा, एकतीस. मग म्हणाल्या, आता आत जाऊन डोकी मोजा.

मी मोजली. बत्तीस.

पुन्हा मोजली. बत्तीस. हजेरी घेतली. हजेरीपटात एकतीस नावं, सगळी हजर. मग माझ्या ध्यानात आलं की एका नावाला दोन आवाज येतात. शेवटच्या बाकावरून. मी दोन आठवडे वर्गावर आहे आणि मला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. जुळे आहेत, एवढंच डोक्यात होतं. कुणी सांगितलं मला जुळे म्हणून?

मावशी शांतपणे म्हणाल्या की सरांच्या वेळीही व्हायचं, दर वर्षी एक. फोटोत बघा म्हणाल्या. मी बघितलं. फोटो काढला तेव्हा त्या बाकावर एकच मुलगा होता, माझी खात्री आहे. आता दोन आहेत.

सर ते वेचायचे म्हणे. फोटोतला जास्तीचा टिपायचा की दुसऱ्या दिवशी वर्ग एकतीसचा. ओळखायचा कसा? त्यालाही मावशींकडे उत्तर तयार होतं. चपला एकतीस जोड आणि मुलं बत्तीस, म्हणजे जास्तीच्याला चपला नसणार.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

२५ सप्टेंबर

सरांकडे जाऊन आले. बाजारामागच्या गल्लीत घर आहे. वय फार नसावं, पण माणूस खंगलाय. मी प्रोग्रामचं नाव काढल्यावर त्यांनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. फोटो, बत्तीस, मावशींचा हिशेब.

ते हळूच म्हणाले, “मीही नीट मोजलं होतं, बाई. चपला मोजल्या होत्या. पण चपला —”

तेवढ्यात त्यांचा मुलगा पाणी घेऊन आला. पंधरासोळाचा, नीटनेटका, नमस्कार केला, ग्लास ठेवला आणि वडिलांच्या शेजारी येऊन बसला. सर जे गप्प झाले ते झालेच. मुलगा माझ्याशी छान बोलला, शाळेची चौकशी केली. मी निघाले तेव्हा दारात माझ्या चपला त्याने सरळ करून ठेवल्या होत्या. असा मुलगा असताना माणसाने एवढं खचावं कशाला, असं मला येताना सारखं वाटत होतं.

२६ सप्टेंबर

आज केलं.

मधल्या सुट्टीत शेवटच्या बाकावरच्या दोघांना संगणकाच्या खोलीत बोलावलं. एकाचे बूट दाराबाहेर, जोडीने, फळीच्या काठाला लावून. दुसरा मोज्यांवरच आला. बूट कुठे विचारलं तर म्हणाला, सकाळपासून सापडत नाहीत, बाई, आणि दोरीचा चष्मा वर ढकलला. बूटवाला शांत उभा राहिला.

म्हणजे दोरीवाला. मला आधीच वाटलं होतं. तो चष्मा, ते अक्षर, ते सारखं चुळबुळणं, सगळं बेतलेलं, पण नीट न जमलेलं. नक्कल अशीच फसते, कुठेतरी जास्तीचं काही चिकटून राहतं.

दोघांना वर्गात पाठवलं. फोटो उघडला. दोरीवर बाण नेला आणि टिपलं.

दुपारी वर्गात एकतीस. एका नावाला एक आवाज. माझा जीव भांड्यात पडला. खालचा आकडा मात्र तसाच होता, शिल्लक: ४०. जुनं मशीन, अडकलं असेल.

३० सप्टेंबर

शेवटच्या बाकावरच्या मुलाची आई भेटायला आली होती. खूश होती. म्हणाली, पोरगा एकदम शहाणा झालाय, सांगावं लागत नाही, चष्मासुद्धा कुणी न सांगता दुरुस्त करून आणला. तरी तिचे डोळे भरून आले आणि का ते तिला सांगता येईना. शिक्षकांपुढे पालक रडतात कधीकधी. मी पाणी दिलं.

मला प्रश्न विचारायचा तो कोण होता वर्गात? चांगले प्रश्न विचारायचा कुणीतरी.

४ ऑक्टोबर

थकवा आहे. पाय दुखतात, संध्याकाळी जास्तच. मुलींनी आज भांडून जीव नकोसा केला, म्हणजे भांडते एकटी भुंगाच. धाकटी ऐकून घेते. की थोरली? दोघी तेरा वर्षांच्या आहेत. दूध गरम केलं, दोघींना दिलं. एकीने कटकट केली, एकीने प्यायलं.

घरात सारखा तो एक सूर. डोक्यात जातो. हिला कधीपासून लागली ही सवय?

७ ऑक्टोबर

खुर्च्या दोन आहेत.

आज जेवताना मला कळलं की मी उभी आहे. ओट्याला टेकून, हातात ताटली. टेबलाशी दोघी बसल्या होत्या. मी चार दिवस, पाच दिवस, उभ्यानेच जेवतेय, आणि पाय का दुखतात म्हणून गोळी घेतेय. घरात पेले दोन, उशा दोन, दाराशी मुलीच्या चपलांचा जोड एक.

शाळेत जाऊन प्रवेशाचा अर्ज काढला. माझ्याच हातचा. अपत्ये: एक.

अर्ज घेऊन तशीच मावशींकडे गेले. मावशी म्हणाल्या, परत बत्तीस झालेत, मीच तुम्हाला सांगणार होते. फोटो बघितला. दुसऱ्या बाकावर दोघी, खांद्याला खांदा लावून.

दोघी माझ्या. कुणाकडेही बघितलं तरी आतून तुटतं. दोघींचं बाळपण मला आठवतं. आठवायला गेलं की गुळगुळीत होतं, हातातून सुटतं —

एक माझी आहे. दुसरीला मी घरात ठेवू शकत नाही. दर वर्षी एक, म्हणे. उद्या हिच्या जागी दोन होतील. माझ्या मुलीच्या अंगावर येतील. मला तिला वाचवायचंय, बस्स, दुसरं काही नाही.

८ ऑक्टोबर

डोळ्यांत तेल घालून बघतेय.

एक गुणगुणते. नखं खाते. पेला सांडते. डाव्या हाताने लिहिते, आमच्यात कुणी डावखुरं नाही. तिचे बाबा कुठल्या हाताने लिहायचे? डोकं फोडून घेतलं, आठवत नाही. फोटो आहेत, पण फोटोत हात दिसत नाहीत.

दुसरीत खटकण्यासारखं काही नाही. काहीच नाही.

दोघींना वेगवेगळं बसवून विचारलं. बाबांच्या घड्याळाचा पट्टा कोणता, दवाखान्यात शेवटचं काय म्हणाले, कुठला वार होता. शांत असते तिने सगळं सांगितलं, न चुकता. गुणगुणणारीला वार सांगता आला नाही. चिडली. पट्टा काळा म्हणाली, मग तपकिरी म्हणाली, मग रडायलाच लागली. म्हणाली, “आई, तुला मी ओळखू येत नाही का?”

इतकं खरं रडली. इतकं खरं की —

नक्कल अशीच असते. मी स्वतःला बजावलं.

९ ऑक्टोबर

सकाळी निघायच्या वेळी शांत असते ती चपला घालून दारात उभी. सेफ्टी पिनवाल्या. दुसरी खाटेखाली शोधतेय, माझ्या चपला कुणी घेतल्या म्हणून घर डोक्यावर घेतेय. चपला नाहीतच तिला. कुठून असणार.

शाळेपर्यंत अनवाणी आली. माझा हात धरायला बघत होती. मी बॅग या हातातून त्या हातात घेतली.

मावशींच्या पाटीवर एकतीस. आत बत्तीस.

सगळे बसल्यावर मी माझं मशीन उघडलं. फोटो. दुसरा बाक. बाण दोघींवरून फिरत राहिला. वर्गात तो सूर चालू होता. वहीत काही लिहीत असेल.

डोळे मिटून नाही टिपलं. नीट बघून टिपलं.

सूर थांबला.

शिल्लक: ४०.

१० ऑक्टोबर

शांत. घर शांत. आम्ही दोघी दोन खुर्च्यांवर बसून जेवलो. कोपराला कोपर लागलं नाही. झोप लागली नाही. पण वाचली. माझी पोर वाचली.

११ ऑक्टोबर

आज तिने दूध प्यायलं. सायीसकट. तोंड वेडंवाकडं न करता.

मी पेल्याकडे बघत राहिले. कुणीतरी साय बघून ओकारी काढायचं. या घरात. कोण?

नियम मोडला. पहिलं पान उघडलं.

भुंगा. ओठ मिटून गुणगुणते. नाव तिच्या बाबांनी ठेवलं. त्यांच्यासारखीच डावखुरी. त्यांच्यासारखीच. नखं. साय. चपला सापडत नाहीत. कधीच सापडत नाहीत. माझ्याच हातचं आहे, निळ्या शाईत —

दोरी. एकटा बसायचा. भाऊ नव्हता त्याला. एकतीस मुलं, पंधरा जोड्या, एक एकटा. मीच लिहिलंय.

आकडा. किडा टिपला की आकडा एकाने उतरतो. दोन्ही वेळा उतरला नाही. दोन्ही वेळा मी किडा टिपलाच नव्हता —

चपला कुणीही घालू शकतं. सरांना हेच सांगायचं होतं. आणि तो पाणी घेऊन आला.

नजरेत आला नाही म्हणून उरतो. फळ्यावर लिहिलं मी. मोठ्या अक्षरांत. आणि मग जी नजरेत आली तिलाच — अनवाणी आली. माझा हात धरत होती. ओळखू येत नाही का म्हणाली —

भुंगा. भुंगा. भुंगा.

पुन्हा ११, संध्याकाळ

मावशींना विचारून आले. टिपलेलं परत येतं का. त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

तो फोटो अजून आहे. दुसऱ्या बाकावर आता एकच. हिलाही टिपता येईल. आकडा उतरेल तरी. गेले होते त्यासाठीच. बाण नेला. चेहरा तिचाच आहे, केस तिचेच, हनुवटीखालचा तीळसुद्धा. ही गेली की तो चेहरा कुठेच उरणार नाही. नाही झालं माझ्याने —

आत आली आत्ता. दुधाचा पेला धुऊन ठेवला. माझ्या खांद्यावरून वहीत बघितलं. म्हणाली, “आई, मागची पानं वाचायची नाहीत ना?”

आवाज तिचाच.

आता समोरच्या खुर्चीवर बसलीय, अभ्यासाला. पेन्सिल उजव्या हातात होती. आता डाव्या हातात घेतली. माझ्याकडे बघतेय, जमतंय का ते —

गुणगुणतेय.

ओठ मिटून. एकच सूर. आधी जरा वर लागला. मग खाली आला. आता बरोबर. अगदी बरोबर लागलाय.

आधीही असंच गुणगुणायची. नाही का? डोकं उठेपर्यंत. म्हणजे हीच. असेलच ही. मीच उगाच पोरीवर संशय — पहिली पानं फाडून टाकली की मग काही —

फाडायच्या आधी फक्त एकदा, तिचं नाव कुठल्या शाईत